जाहिरातीचे उत्पन्न आणि मर्यादित वाचकवर्गाचे लेखन : ‘बहिष्कृत भारत’च्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

एखाद्या नेमक्या विषयाला वाहिलेले लेखन सातत्याने प्रसिद्ध करावे, त्याभोवती निष्ठावंत वाचक जमवावेत आणि मजकुराशेजारी डिस्प्ले जाहिरातींना जागा देऊन उत्पन्न मिळवावे, असा सल्ला आज आंतरजालावर लिहू इच्छिणाऱ्या प्राध्यापकांना व विद्यार्थ्यांना सर्रास दिला जातो. विषय जितका नेमका तितका वाचक निश्चित आणि वाचक जितका निश्चित तितका जाहिरातदार उत्सुक, हे या सल्ल्यामागील गृहीतक होय. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी महाडच्या सत्याग्रहाशी निगडित असलेल्या एका पाक्षिकाचा अनुभव आधाराला घेतला आहे. कारण नेमका विषय आणि निश्चित वाचक या दोन्ही अटी त्या पाक्षिकाइतक्या पूर्णपणे पाळणारी नियतकालिके मराठीत थोडीच आढळतील.

१९२० मधील दोन प्रारंभ

जानेवारी १९२० मध्ये मराठीत दोन नियतकालिके सुरू झाली. ‘किर्लोस्कर खबर’ हे किर्लोस्करांच्या कारखान्याचे मुखपत्र म्हणून निघाले. कारखान्याचा माल घेणारा ग्राहक हाच त्याचा पहिला वाचक होता. पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ असा त्या मासिकांचा परिवार वाढला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले. त्यास छत्रपती शाहू महाराजांचे अर्थसाहाय्य होते. परंतु पाठीशी कारखाना नव्हता आणि वाचकाच्या खिशात खरेदीची ऐपत नव्हती. ‘केसरी’ने तर पैसे घेऊनही ‘मूकनायक’ची जाहिरात छापण्याचे नाकारले, ही गोष्ट बाबासाहेबांनी पुढे स्वतःच नमूद केली आहे. ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडले.

दोन्ही पत्रांचा वाचक निश्चित होता. फरक होता तो त्या वाचकाच्या क्रयशक्तीत. म्हणजेच वाचक निश्चित असणे आणि वाचक जाहिरातदाराच्या उपयोगाचा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रचलित सल्ल्यात त्यांची गल्लत केली जाते.

महाड आणि ‘बहिष्कृत भारत’

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्च रोजी चवदार तळ्याचे पाणी घेण्यात आले. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल रोजी, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. महाडच्या घटनेची बाजू मांडण्यास स्वतःचे पत्र हवे, ही गरज त्यामागे होती. विषयाचे महत्त्व वादातीत होते, लेखकाची योग्यता असाधारण होती आणि वाचकाची ओढही खरी होती. तरीही अंकाचे रकाने बहुतांशी संपादकालाच एकहाती भरावे लागत. १५ नोव्हेंबर १९२९ नंतर हे पाक्षिक थांबले. चवदार तळ्याच्या खटल्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये दिला. म्हणजे ज्या प्रश्नाने या पत्राला जन्म दिला त्याचा निर्णय लागण्यापूर्वी सात वर्षे चार महिने पत्र मिटले होते. १९३० मध्ये सुरू झालेल्या ‘जनता’ने हे कार्य पुढे चालविले, ही गोष्ट वेगळी.

या अनुभवाची मीमांसा बाबासाहेबांच्या १९४५ च्या काँग्रेसविषयक इंग्रजी ग्रंथात सापडते. त्यांच्या युक्तिवादाचे दोन भाग पडतात. पहिला असा की, जाहिरातीच्या उत्पन्नावाचून कोणतेही वृत्तपत्र तग धरू शकत नाही आणि हे उत्पन्न व्यापाराकडूनच येते. दुसरा असा की, या देशातील व्यापार काँग्रेसशी बांधलेला असल्याने अन्य पक्षीयांना तो जाहिरात देणार नाही. हे दोन भाग वेगळे करून तपासणे आवश्यक आहे. दुसरा त्या काळाच्या राजकारणाशी निगडित आहे. पहिला मात्र काळाच्या पलीकडे लागू पडतो. शिवाय त्यात एक भर घालावी लागेल. जाहिरातदाराच्या मनात कोणताही आकस नसला, तरी ज्या वाचकाला माल विकता येत नाही त्याच्यासाठी तो पैसे मोजत नाही.

नकार आणि शून्य किंमत

आजच्या व्यवस्थेत जाहिरात नाकारणारा व्यवस्थापक समोर नसतो. गूगलची ‘अॅडसेन्स’ योजना २००३ मध्ये सुरू झाली. तीत पान उघडताक्षणी त्यावरील जागेचा यांत्रिक लिलाव होतो आणि सामान्यतः अधिक बोली लावणाऱ्याची जाहिरात दिसते. उत्पन्नापैकी सुमारे ६८ टक्के वाटा प्रकाशकाचा असतो. या योजनेत हिंदीला २०१४ अखेर प्रवेश मिळाला, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. १९२० च्या तुलनेत हा बदल स्वागतार्ह आहे, हे मान्य केलेच पाहिजे. येथे जात वा पक्ष विचारून जागा नाकारली जात नाही.

परंतु बोली ठरते ती वाचकाचा प्रदेश, भाषा आणि त्याची संभाव्य खरेदी यांवरून. केवळ उदाहरणादाखल, दर हजार दर्शनांमागे प्रकाशकाच्या हाती वीस रुपये पडतात असे धरू. महिन्याला वीस हजार दर्शने झाल्यास चारशे रुपये होतात. रक्कम हाती येण्यासाठी शंभर डॉलरची, म्हणजे सुमारे साडेआठ ते नऊ हजार रुपयांची, किमान मर्यादा गाठावी लागते. त्यास जवळजवळ दोन वर्षे लागतील. ज्या पोलादपूर तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अर्ध्या लाखाच्या आत होती, तेथील विषयाला महिन्याला वीस हजार दर्शने मिळणे हेच मुळी कठीण. पूर्वी नकार मिळत असे. आता किंमत मिळते, पण ती जवळपास शून्य असते. नकाराविरुद्ध निदान लिहिता येत होते.

विषयाचा कल

तथापि खरा धोका अल्प उत्पन्नाचा नाही, तो विषयांतराचा आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. या वाड्यांचे पुनर्वसन, डोंगरउतारांची स्थिती आणि पुराच्या पाण्याच्या खुणा यांची नोंद हा स्थानिक अभ्यासकाचा स्वाभाविक विषय होय. परंतु आपत्ती, मृत्यू, सामाजिक संघर्ष अशा शब्दांच्या शेजारी आपली जाहिरात नको, म्हणून अनेक जाहिरातदार वर्ज्य शब्दांच्या याद्याच देऊन ठेवतात. उलट रायगड किल्ल्याची सहल, निवासाची सोय, मुंबई-गोवा महामार्गालगतची जमीन या विषयांना बोली लावणारे असतात. उत्पन्नाचा आकडा रोज डोळ्यांसमोर असलेला लेखक नकळत तळीयेकडून रायगडाच्या सहलीकडे वळतो. त्याला तसे कोणी सांगत नाही, म्हणूनच हे वळण त्याच्या लक्षात येत नाही. उमरठ येथील तानाजी मालुसऱ्यांची समाधी पर्यटनस्थळ म्हणून लिहिली तर पैसे देईल. त्या गावाच्या स्थलांतराचा प्रश्न म्हणून लिहिली तर देणार नाही. गाव तेच असते, वाचक बदललेला असतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, डिस्प्ले जाहिरात ही वाचनाची किंमत नसून वाचकाच्या क्रयशक्तीची किंमत आहे. म्हणून क्रयशक्ती असलेल्या वाचकांचा नेमका विषय तिच्यावर पोसला जाऊ शकतो. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांचा विषय पोसला जाणार नाही. जाहिरात वर्ज्य मानावी असा याचा अर्थ नव्हे. तिचे उत्पन्न आले तर जरूर घ्यावे. मात्र विषय ठरल्यानंतर घ्यावे, विषय ठरविण्यासाठी नव्हे. वर्गणी, संस्थेचे साहाय्य आणि लेखकाचा अन्यत्र मिळणारा पगार यांवरच असे लेखन उभे राहील. यांतील शेवटचे साधन आज महाविद्यालयीन अध्यापकांच्या हाती आहे. ‘बहिष्कृत भारत’च्या संपादकाला तेवढे स्थैर्यही नव्हते, आणि तरीही त्यांनी रकाने भरले.