कृपासदनाचा उंबरठा

माणूस चुकला म्हणजे त्याचे काय करायचे, हा प्रश्न मराठी घराला नवा नाही. आपल्याकडे त्याचे उत्तर ठरलेले होते: प्रायश्चित्त. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही थोर मंडळी चहा प्याली आणि त्या कपभर चहाने पुढे दोन वर्षे पुणे ढवळून निघाले. न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 मध्ये अखेर प्रायश्चित्त घेतले. आपल्या हातून पाप घडले असे वाटून नव्हे, तर मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत तो प्रसंग सांगितला आहे, आणि पतीचे ते प्रायश्चित्त त्यांना किती बोचले तेही त्यात लपत नाही. चूक खरोखर कोणती, हे कोणी विचारायचे नाही. दंड मात्र चुकता करायचा!

ज्यांच्या अंगणात तो चहा झाला त्या ख्रिस्ती मंडळींपाशी या प्रश्नाचे काही निराळे उत्तर होते काय? होते, पण एक नव्हते, दोन होती. एक म्हणते, नियम पाळ, मन आवर, उपास कर, पापाची कबुली दे, पुन्हा पडलास तर पुन्हा उठ. दुसरे म्हणते, तुझ्याने हे होणार नाही. जे मिळायचे ते कमाई म्हणून नाही, कृपा म्हणून मिळेल. धर्मशास्त्राचा माझा अभ्यास नाही. मी मॅट्रिक झालेला, पारनेरात पोरांना शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे. पण ही दोन उत्तरे एकमेकांशी कशी भांडतात, हे मराठी वाचकाला पाहायचे असेल तर त्याला परक्या ग्रंथांकडे जावे लागत नाही. दोन बायकांची दोन पुस्तके पुरेशी आहेत.

पहिले पंडिता रमाबाईंचे आत्मनिवेदन. ते 1907 मध्ये निघाले. लहानसे पुस्तक, तासाभरात संपणारे. रमाबाईंचे बालपण व्रते, उपास, तीर्थयात्रा, पुराणकथन यांत गेले. आईवडील त्यांनी दुष्काळात गमावले. म्हणजे आत्मसंयमनाला या बाई अपरिचित नव्हत्या. तो त्यांनी उपाशीपोटी पाहिला होता. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या. तेथून लंडनजवळच्या फुलहॅम येथे भगिनींचे पतित स्त्रियांसाठी चालवलेले घर त्यांनी पाहिले. ज्यांच्यासाठी शास्त्रांत केवळ शिक्षा वाचली होती, त्या बायका येथे आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होत्या! हे कसे घडते, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय, विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीचा, वाचून दाखवला. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट येथे संपती तर पुस्तक चार धर्मांतरकथांसारखे झाले असते. पण पुढे त्या सांगतात की, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हे कळायला आणखी आठ वर्षे गेली. म्हणजे एक नियमावली सोडून दुसरी पत्करली, एवढेच तोवर झाले होते. धर्म बदललेल्या माणसाने हे छापून सांगायला धैर्य लागते. इकडचे लोक नावे ठेवणार, तिकडचे नाराज होणार. तिकडची नाराजी तर आधीपासूनच होती. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार 1977 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तो या आत्मनिवेदनाशेजारी ठेवून वाचावा. जेराल्डीनबाईंना शिष्येत गर्व आणि हट्ट दिसतो, आज्ञापालन हवे असते. शिष्या क्रुसावरची अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात का नकोत, म्हणून वाद घालते. गंमत ही की, कृपेचा पहिला धडा ज्या मठाने दिला, तोच मठ आता शिस्तीचा आग्रह धरून बसला!

मग रमाबाईंनी केडगावला ‘कृपासदन’ काढले. केडगाव म्हटले की आम्हा पारनेरकरांना नगरच्या वेशीवरचे आठवते. हे ते नव्हे, हे दौंड तालुक्यातले. मुक्तिसदनाच्या आवारात, पाऊल घसरलेल्या बायकांसाठी हे निराळे घर होते. तेथे मोकाट कारभार होता असे कोणी समजू नये. मुक्तिमिशनमध्ये प्रार्थना, शाळा, विणकाम, शेत, छापखाना, सगळ्याला वेळ नेमलेली. रमाबाईंच्या बायबल-भाषांतराचे खिळेही तेथल्या बायकांनीच जुळवले. पण क्रम पाहा. पंचहौदाच्या प्रकरणात आधी प्रायश्चित्त, मग पंगतीत पान. कृपासदनात आधी घरात ये, मग काम. मला वाटते, शिस्त आणि कृपा यांचा सगळा तंटा या क्रमाचा आहे. शिस्त तीच, पण ती उंबरठ्याबाहेर उभी आहे की आत, यावर तिची जात ठरते.

आता पुस्तकाचा दोष. रमाबाई आपले पाप म्हणतात, पण पाप कोणते ते सांगत नाहीत. शब्द मोठा येतो, प्रसंग येत नाही. आणि ज्यांच्यासाठी दार उघडले त्या बायकांपैकी एकीचाही आवाज त्यात नाही. आमच्या तालुक्यात राळेगणसिद्धीला दारू सुटावी म्हणून दारुड्यांना खांबाला बांधून मारल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. गाव सुधारले, हे मी नाकारीत नाही; कित्येक घरांतल्या चुली त्यामुळे पेटल्या असतील. पण ती हकीकत नेहमी बांधणाऱ्याच्या बाजूने सांगितली जाते. बांधलेल्याने लिहिलेली मी अजून वाचलेली नाही. शिस्तीचे साहित्य असो की कृपेचे, चुकलेला माणूस त्यात मुकाच.

म्हणून मी दुसऱ्या पुस्तकाकडे वळतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी निघाली. त्यात कृपेवर प्रवचन नाही. आरंभीच वडिलांचे सोवळे आहे. सत्तावनच्या धामधुमीनंतर आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्यातून या गृहस्थांच्या अंगात सोवळे शिरले. ते इतके वाढले की, घरात येणारा जिन्नस धुतल्याशिवाय आत यायचा नाही आणि बायकामुलांचे हाल कुत्रा खाईना. दयेवाचून नुसता नियम घर कसे जाळतो, याचे इतके स्पष्ट चित्र मराठीत दुसरे मला माहीत नाही. आणि ते हसत हसत काढलेले आहे.

मग नारायण वामन टिळक येतात: कवी, तापट, लहरी, न सांगता घर सोडून जाणारे, हातात पैसा न टिकणारे, आणि राग ओसरताच विरघळणारे. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहण्याचे दुःख सोसावे लागले. एखादी भाबडी लेखिका असती तर बाप्तिस्म्यानंतरचे टिळक तिने शांत, सात्त्विक रंगवले असते. लक्ष्मीबाईंचे टिळक पुढेही टिळकच राहतात. राग येतो, जातो, पुन्हा येतो. हा ‘दोष’ जागच्या जागी, तारीख-वाराच्या जवळ, घरच्या भांड्याकुंड्यांत दिसतो; म्हणून त्याला मिळणारी क्षमाही खरी वाटते. ती क्षमा म्हणजे लक्ष्मीबाईंचे हसणे. त्या नवऱ्याला निर्दोष ठरवीत नाहीत, शिक्षाही करीत नाहीत. स्वतःलाही सोडीत नाहीत. आपले अज्ञान, आपले सोवळे, आपली भांडणे त्याच हाताने मांडतात.

काही टीकाकार या विनोदाला भोळेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. भोळ्या माणसाला इतके आठवत नाही. लक्ष्मीबाईंना सगळे आठवते आणि तरी त्या हिशेब मागत नाहीत. अर्थात एक शंका राहतेच: सोसणारी बाई हसली म्हणून वाचकाने टिळकांचा राग गोड मानायचा काय? माझे उत्तर, मुळीच नाही. माफ करण्याचा अधिकार लक्ष्मीबाईंचा होता. तो वाचकाने परस्पर वापरू नये.

शाळेच्या पुस्तकांतून ‘स्मृतिचित्रां’चे सुटे उतारे पोरांपर्यंत पोचतात. पण गंमत उतरून घेतली की सोसणे मागे राहते. या सुटीत ज्यांच्या घरी हे पुस्तक असेल त्यांनी ते पहिल्या पानापासून मोठ्याने वाचावे, आणि वडिलांच्या सोवळ्याचे प्रकरण आले की, घरातल्या म्हाताऱ्यांना वाचनाला बसवून घ्यावे. त्यांच्यापाशी अशा गोष्टी आणखी निघतील.