मेंदूचे गुणपत्रक

मेंदूच्या मोठ्या रोहिणीत गुठळी अडकली की पक्षाघात होतो. मांडीतल्या रोहिणीतून बारीक नळी सरकवून ही गुठळी काढता येते. पण कोणाची काढायची? ते ठरवताना सीटी स्कॅनला गुण देतात. त्या रोहिणीच्या क्षेत्राचे १० भाग पाडायचे आणि बिघाड दिसणाऱ्या प्रत्येक भागासाठी १० मधून १ गुण वजा करायचा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक चाचण्यांत कमी गुणांचे रुग्ण घेतलेच नव्हते.

येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. ‘रुग्ण कितपत बरा होईल?’ हा एक प्रश्न. ‘उपचाराने फरक पडेल का?’ हा दुसरा. स्कॅन पहिल्याचे बऱ्यापैकी उत्तर देतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र उपचार झालेल्या व न झालेल्या रुग्णांची तुलना करूनच मिळते.

जपानमध्ये ती तुलना झाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ३ ते ५ गुणांचे २०३ रुग्ण होते. ९० दिवसांनी निदान आधाराशिवाय चालण्याइतके सुधारलेले रुग्ण गुठळी काढलेल्या गटात ३१ टक्के, तर केवळ औषधे दिलेल्या गटात १२.७ टक्के होते. मेंदूतील रक्तस्राव पहिल्या गटात अधिक झाला, तरीही! म्हणजे भाकीत खोटे नव्हते. बहुतेकांची अवस्था वाईटच राहिली. चूक होती ती ‘म्हणून उपचार नको’ या निष्कर्षात.

घटक चाचणीत कमी गुण पडले म्हणून मुलाला शिकवणेच थांबवले, तर तो नापास होणारच. वर आपले भाकीत खरे ठरले, असेही आपल्याला वाटेल.