राजाचें नवें मन : एका ग्रंथाचें पुनर्वाचन

सर रॉजर पेनरोझ यांचा 'दि एम्परर्स न्यू माइंड' हा ग्रंथ ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयानें १९८९ सालीं प्रसिद्ध केला. त्यास आतां तीन तपें लोटलीं. इतक्या जुन्या ग्रंथाचें परीक्षण आज कां, असें वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर एवढेंच कीं, ज्या वादांत या ग्रंथानें उडी घेतली तो त्या वेळीं विद्वानांच्या बैठकींतला होता. आज तो घरोघर येऊन ठेपला आहे. २०२४ च्या जुलैंत शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय गणितस्पर्धेंतील सहा प्रश्नांपैकीं चार प्रश्न गणकयंत्रांनीं सोडविले आणि ४२ पैकीं २८ गुण मिळविले. सुवर्णपदकाची मर्यादा त्या वर्षीं २९ गुणांची होती. मुलांना दोन दिवस मिळून नऊ तास मिळतात आणि यंत्रास एकेका प्रश्नाला तीन तीन दिवसांपर्यंत वेळ लागला, हें खरें. परंतु अशा यंत्रास 'गणित कळतें' असें म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न आतां टाळण्यासारखा राहिलेला नाहीं. पेनरोझ यांचें उत्तर स्वच्छ 'नाहीं' असें आहे, आणि तें आपण भावनेच्या नव्हे तर सिद्धतेच्या बळावर देत आहों, असा त्यांचा दावा आहे.

ग्रंथाचें नांव अँडरसनच्या सुप्रसिद्ध गोष्टीवरून घेतलेलें आहे. राजाच्या अंगावर वस्त्रें नाहींत हें मोठ्यांनीं ओळखून लपविलें आणि एका पोरानें बोलून दाखविलें. यंत्राच्या ठायीं मन नाहीं हें बोलून दाखविण्याचें काम ग्रंथकारांनीं स्वतःकडे घेतलें आहे. ग्रंथ ऐसपैस आहे. मँडेलब्रॉटची आकृति, सापेक्षतावाद, पुंजभौतिकी, कृष्णविवरें, मेंदूची रचना, अशा अनेक गांवांवरून वाचकास नेल्यावांचून ग्रंथकार मुक्कामाचें ठिकाण दाखवीत नाहींत. ही पायपीट फुकट जात नाहीं. मँडेलब्रॉटच्या आकृतीवरील प्रकरण तर कोणीहि अवश्य वाचावें. गणित हें माणसानें रचिलेलें नसून त्याला सांपडलेलें आहे, ही ग्रंथकारांची श्रद्धा तेथें जितकी बोलकी झाली आहे तितकी ती पुढील तर्कांतहि होत नाहीं.

आतां मुख्य तर्क. डेव्हिड हिल्बर्ट या थोर जर्मन गणित्याची अशी आकांक्षा होती कीं, गणिताचीं सर्व गृहीतें आणि अनुमानाचे सर्व नियम एकदां नीट लिहून काढावे, म्हणजे पुढें अर्थाकडे न पाहतां केवळ चिन्हांची मांडणी तपासून कोणत्याहि विधानाचा निकाल लावितां यावा. ८ सप्टेंबर १९३० रोजीं कोनिग्जबर्ग येथें त्यानें, गणितांत अज्ञेय असें कांहीं नाहीं, या आशेचा मोठ्या आवेशानें उद्घोष केला. दैवदुर्विलास असा कीं, त्याच गांवीं आदल्याच दिवशीं कुर्ट गोडेल या चोवीस वर्षांच्या तरुणानें ती आशा मुळांतून हलविणारा शोध एका चर्चेंत सहज बोलून दाखविला होता. त्याचा निबंध १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. अंकगणित सामावून घेण्याइतकी समर्थ आणि आत्मविरोधापासून मुक्त अशी कोणतीहि नियमावली घ्या. तिच्या भाषेंत असें एक वाक्य रचितां येतें कीं, 'मी या नियमावलीनें सिद्ध होत नाहीं' असें तें जणूं स्वतःविषयींच सांगतें. तें सिद्ध झालें तर नियमावलीनें खोटें सिद्ध केलें असें होईल. सिद्ध झालें नाहीं तर तें खरेंच आहे, पण नियमावलीच्या हातीं लागत नाहीं. पुढें १९३६ सालीं अॅलन ट्यूरिंग यानें आपलें काल्पनिक यंत्र मांडिलें, आणि अशी नियमावली व असें यंत्र या एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत हें हळूं हळूं स्पष्ट झालें.

पेनरोझ म्हणतात : नियमावलीला जें सिद्ध करितां येत नाहीं त्याचें सत्यत्व आपणांस तर दिसतें, तेव्हां आपली समज ही कोणत्याहि नियमावलीहून, अर्थात् कोणत्याहि यंत्राहून, वेगळी असली पाहिजे. हाच तर्क जे. आर. लूकस या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञानें १९६१ सालीं मांडिला होता. पेनरोझ यांनीं त्यास गणित्याचें वजन दिलें.

तर्क मोहक आहे, परंतु त्याच्या पोटांत एक 'जर' दडलेला आहे. नियमावली आत्मविरोधापासून मुक्त असेल, तरच तें वाक्य खरें. ती तशी आहे हें आपणांस कसें कळलें? लहानशा नियमावलीविषयीं आपण हें खात्रीनें सांगूं. पण जी गणित्याची सगळी विचारशक्ति सामावून घेईल अशा अफाट नियमावलीकडे पाहून कोण छातीठोकपणें सांगेल? गणित्यांच्या 'दिसण्या'चा इतिहास तितका निष्कलंक नाहीं. गॉटलोब फ्रेगे यास आपल्या मूलतत्त्वांचें सत्यत्व स्पष्ट दिसत होतें; १९०२ च्या जूनमध्यें, त्याच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यांत असतांना, बर्ट्रंड रसेलचें पत्र आलें आणि त्यांतील विरोधाभासानें सगळी इमारत हादरली. आपल्या रामानुजनांस इतरांस न दिसणारें दिसत असे, याविषयीं वाद नाहीं; तथापि १९१३ सालीं त्यांनीं हार्डीस कळविलेल्या गोष्टींपैकीं अविभाज्य संख्यांच्या गणतीविषयींचें सूत्र चुकीचें निघालें. जेथें अशा डोळ्यांनाहि भूल पडते तेथें 'आम्हांस दिसतें' हा आधार सिद्धतेला पुरत नाहीं. ट्यूरिंगनें १९५० च्या आपल्या निबंधांत हा आक्षेप स्वतःच विचारांत घेऊन असेंच उत्तर दिलें होतें : यंत्रास मर्यादा आहेत हें सिद्ध झालें आहे, पण माणसास त्या नाहींत हें कोणीं सिद्ध केलें आहे? आणि खुद्द गोडेल? त्यानें १९५१ च्या व्याख्यानांत दोन पर्याय ठेविले : एक तर मानवी मन कोणत्याहि सान्त यंत्राच्या अनंत पटीनें पलीकडचें आहे, नाहीं तर मनुष्यास कधींहि न सुटणारे असे कांहीं संख्याप्रश्न आहेत. त्याचा कल पहिल्या पर्यायाकडे होता. परंतु कल आणि सिद्धता यांतील भेद त्यानें राखिला. पेनरोझ यांनीं तो राखिला नाहीं, हा आमच्या मतें या ग्रंथाचा मोठा दोष होय.

ग्रंथांतील एक लहानसा प्रसंग मात्र या सर्व तर्काहून अधिक विचार करावयास लावितो. १९६४ सालीं ग्रंथकार एका मित्राबरोबर बोलत बोलत रस्त्यानें चालले होते. मध्यें एक आडरस्ता ओलांडावयाचा आला, बोलणें थांबलें. पलीकडे गेल्यावर तें पुन्हां सुरू झालें. मित्र निघून गेल्यावर आपणांस विनाकारण आनंद कां होत आहे हें त्यांस उमजेना. दिवसभराच्या गोष्टी एकेक करून आठवितां त्यांस कळलें कीं, रस्ता ओलांडतांना एक कल्पना चमकून गेली होती. तीच पुढें कृष्णविवरांविषयींच्या १९६५ च्या प्रमेयाचें बीज ठरली, आणि त्या कामाबद्दल २०२० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. प्रसंग सांगण्याची हातोटी सुरेख आहे. पण तो ग्रंथकारांच्याच बाजूस जड जातो. कल्पना आली तेव्हां जाणीव गाड्याघोड्यांकडे गुंतलेली होती! ग्रंथकारांस हें ठाऊक आहे. म्हणून ते अशी वांटणी करितात कीं, सुचणें हें अजाणतां घडतें, पारखणें हें जाणिवेचें काम. येथें काळानें त्यांची थट्टा केली आहे. वर सांगितलेल्या स्पर्धेंत बीजगणिताच्या व संख्यांच्या प्रश्नांच्या सिद्धता 'लीन' नांवाच्या भाषेंत लिहिलेल्या होत्या, आणि त्यांची पायरीन् पायरी तपासणें हेंच काम यंत्रानें निर्विवादपणें, माणसाहून अधिक चोख केलें. राहिलें तें इतकेंच कीं, कोणतें प्रमेय सिद्ध करण्याच्या योग्यतेचें आहे ही पारख. ती यंत्रास आहे असें आम्हांस अद्याप दिसलेलें नाहीं.

मेंदूंत गणनेपलीकडचें कांहीं घडत असेल तर तें पुंजभौतिकीच्या अद्याप न सांपडलेल्या नियमांमुळें, असें सुचविणारा ग्रंथाचा शेवटचा भाग आम्हांस पटला नाहीं. एका गूढाच्या जागीं दुसरें गूढ ठेविल्यानें उकल होत नाहीं.

आमचे आजोबा औटकीपर्यंतचे पाढे धडाधड म्हणत आणि आम्हांसहि म्हणावयास लावीत. चार वेळां औट म्हणजे चौदा, हें आम्ही न चुकतां सांगत असूं. औट म्हणजे साडेतीन, हें मात्र आम्हांस पुष्कळ दिवसांनीं कळलें. आजोबांनीं औट हाताची काठी अंगणांत चार वेळां ठेवावयास लाविली आणि पुढें चौदा हात मोजून दाखविले तेव्हां. उत्तर पूर्वींचेंच होतें. मग त्या दुपारीं आमच्या ठिकाणीं नवें काय आलें? पेनरोझ यांचा खरा प्रश्न हा आहे, आणि तो गोडेलच्या प्रमेयानें सुटत नाहीं तसा खोडलाहि जात नाहीं.

आपल्याकडील वाचकास येथें आणखी एक शंका येईल. सांख्यांनीं निश्चय करणारी बुद्धि ही प्रकृतीच्याच पोटीं, म्हणजे जडांत घातली, आणि चैतन्य तेवढें पुरुषाकडे ठेविलें. आमच्या पूर्वजांस गणकयंत्र ठाऊक होतें असें म्हणण्याचा हल्लींचा छंद आम्हांस नाहीं. परंतु समजणें आणि जाणणें हीं दोन निराळीं असूं शकतील, ही शक्यता त्या जुन्या मांडणीनें उघडी ठेविली. पेनरोझ यांनीं दोहोंची गांठ प्रथमपासूनच मारून टाकिली आहे. समज असेल तेथें जाणीव असलीच पाहिजे हें त्यांस इतकें उघड वाटतें कीं, त्यासाठीं वेगळा युक्तिवाद त्यांनीं फारसा केलेला नाहीं.

ग्रंथाच्या आरंभीं व शेवटीं एक छोटी गोष्ट आहे. एका प्रचंड गणकयंत्राचें उद्घाटन होत असतें. प्रश्न विचारा म्हणतांच एक लहान मुलगा उठतो आणि, तुला कसें वाटतें, असें यंत्रालाच विचारतो. यंत्रास प्रश्नाचा अर्थच लागत नाहीं, आणि सभा हंसते. १९८९ सालीं हा शेवट ठीक होता. आजचें यंत्र त्या मुलास गोड शब्दांत पानभर उत्तर देईल, आणि मुलगा पूर्वींइतक्याच संशयानें त्याच्याकडे पाहत उभा राहील.