घड्याळ, फोन आणि लंगडी मेंढरे

निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक समजावून सांगताना आपण शिक्षक हटकून शेरलॉक होम्सची आठवण काढतो. मुलांनाही तो आवडतो. पुस्तकातला आवडतो आणि दूरचित्रवाणीवरचा तर त्याहून जास्त. पण होम्सकडून नेमके काय शिकायचे? आम्हांला वाटते की होम्समध्ये दोन माणसे आहेत, एक जादूगार आणि एक वैज्ञानिक. गोष्ट वाचताना किंवा मालिका पाहताना समोर यांपैकी कोण उभा आहे, हे ओळखता आले तर आनंद कमी होत नाही, उलट वाढतो.

आधी जादूगार पाहू. 'द साइन ऑफ फोर' (१८९०) या कादंबरीत वॉटसन परीक्षा घेण्यासाठी होम्सच्या हाती एक खिशातले घड्याळ देतो. किल्ली लावण्याच्या भोकाभोवती ओरखडे आहेत, म्हणजे मालकाचा हात थरथरत असे, म्हणजे तो दारुडा. आतल्या बाजूला सावकाराने कोरलेले गहाणाचे आकडे आहेत, म्हणजे तो वारंवार अडचणीत येई आणि अधूनमधून हाती पैसा येताच घड्याळ सोडवून घेई. घड्याळ वॉटसनच्या थोरल्या भावाचे, हेही होम्स सांगतो. सारे बरोबर निघते.

आता वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा: भोकाभोवती ओरखडे आणखी कशाने पडतील? अंधारात किल्ली दिल्याने, नजर अधू असल्याने, कंपवाताने, किंवा किल्लीच नीट बसत नसल्याने. एका खुणेची कारणे अनेक असू शकतात. होम्सने त्यांतले एक निवडले आणि ते खरे ठरले, कारण उत्तर लेखकाच्या हातात होते. आपण शक्यता तोलून बोललो, इतके अचूक निघेल असे वाटले नव्हते, अशी कबुली होम्स स्वतःच त्या प्रसंगात देतो. वाचक मात्र ती कबुली विसरतो आणि चमत्कार तेवढा लक्षात ठेवतो.

हाच प्रसंग बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेत २०१० साली, पहिल्याच भागात, नव्या वेषात आला. घड्याळाच्या जागी मोबाइल फोन आहे आणि ओरखडे चार्जर लावण्याच्या जागेभोवती आहेत. फोनवर हॅरी वॉटसन हे नाव कोरलेले आहे. बेनेडिक्ट कंबरबॅचचा होम्स सांगतो, हा तुझा भाऊ आणि तो दारू पितो. दारूचे बरोबर निघते, पण हॅरी हे हॅरिएटचे लघुरूप असते. ती बहीण आहे! मूळ कथेत न झालेली चूक मालिकेच्या लेखकाने मुद्दाम घडवली आहे. आमच्या मते संपूर्ण भागातला हा सर्वांत वैज्ञानिक क्षण आहे. अनुमान कितीही चलाख असले तरी ते पडताळल्याशिवाय खरे नसते, हे दोन वाक्यांच्या संवादात कळून जाते.

याच मालिकेबद्दल आमची तक्रारही आहे. होम्स एखाद्या वस्तूकडे पाहतो आणि पडद्यावर अक्षरे उमटतात. ती इतक्या झपाट्याने येतात आणि जातात की दुसरी शक्यता मनात यायलाही अवधी मिळत नाही. पुस्तकात पान उलटून मागे जाता येते, बोट ठेवून थांबता येते. इथे प्रेक्षकाने थक्क व्हावे एवढीच अपेक्षा दिसते.

आता वैज्ञानिक होम्स पाहू. 'सिल्व्हर ब्लेझ' (१८९२) या कथेत शर्यतीचा घोडा रात्री तबेल्यातून नाहीसा होतो. घोड्याच्या पायातली कंडरा बाहेरून कळणार नाही अशी कापण्याचा कुणाचा तरी बेत होता, असे होम्सचे गृहीतक. ते खरे असेल तर त्या माणसाने आधी कशावर तरी हात बसवला असणार. जवळपास मेंढ्या चरत असतात. होम्स त्यांची देखभाल करणाऱ्याला विचारतो, मेंढ्यांना अलीकडे काही झाले आहे का? उत्तर मिळते, तीन लंगडू लागल्या आहेत. गृहीतकावरून भाकीत काढले आणि ते पडताळून पाहिले. उत्तर 'नाही' आले असते तर गृहीतक डळमळले असते. घड्याळाच्या प्रसंगात असा पडताळा होम्सने मागितलाच नव्हता.

कुत्र्याचा प्रसिद्ध मुद्दाही याच कथेतला. रात्री कुणीतरी येऊन घोडा नेला, तबेल्यात कुत्रा होता, तरी माळ्यावर झोपलेली पोरे जागी झाली नाहीत. म्हणजे कुत्रा भुंकला नाही, म्हणजे येणारा ओळखीचा. न घडलेली गोष्टही नोंद करण्याजोगी असते, हे प्रयोगवहीत 'बदल दिसला नाही' असे लिहायला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्याला जरूर सांगावे. कॅमेऱ्याला मात्र हे जड जाते. घडलेले दाखवता येते, न घडलेले संवादातूनच सांगावे लागते.

कथेच्या आरंभी आगगाडीत होम्स वेग सांगतो, ताशी साडेत्रेपन्न मैल. तारेचे खांब ६० यार्डांवर आहेत, एवढी माहिती तो देतो. मैलाचे १७६० यार्ड धरले तर सेकंदाला सुमारे २६ यार्ड, म्हणजे साधारण २.३ सेकंदांना एक खांब. मिनिटभरच खांब मोजले आणि एक खांब चुकला तर वेगात दोन मैलांचा फरक पडतो. अर्ध्या मैलापर्यंत अचूकता हवी तर चारेक मिनिटे, शंभराच्या वर खांब मोजायला हवेत. आठवी-नववीच्या मुलांना हे गणित सहज जमेल, आणि होम्सलाही तपासता येते हा आनंद वेगळाच.

ग्रॅनडा कंपनीची १९८४ ते १९९४ या काळातली, जेरेमी ब्रेटची मालिका आम्हांला प्रिय आहे ती वॉटसनमुळे. १९४० च्या दशकातल्या चित्रपटांत नायजेल ब्रूसचा वॉटसन गोंधळलेला, हास्यास्पद होता. ग्रॅनडाने त्याला पुन्हा शहाणा डॉक्टर केले. हे महत्त्वाचे आहे, कारण वॉटसन म्हणजे आपण. तो मूर्ख असेल तर होम्सला 'कशावरून?' असे विचारणारा कुणी उरत नाही.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. घड्याळाचा प्रसंग वर्गात वाचावा आणि होम्सच्या उत्तराआधी थांबावे. प्रत्येक खुणेची तीन कारणे मुलांकडून काढून घ्यावीत आणि प्रत्येक कारण कसे तपासता येईल ते विचारावे. मग पुढचे वाचावे. मालिका दाखवायची झाली तर हॅरीची बहीण निघते तो प्रसंग जरूर दाखवावा. मुले हसतील. त्यानंतर, होम्सने आधी काय विचारले असते तर ही चूक टळली असती, ते त्यांनाच शोधू द्यावे.