हिरवा, अजून हिरवा

जुलै लागला की सह्याद्रीचे फोटो येऊ लागतात, आणि त्यातले बहुतेक एकाच डोंगराचे वाटतात. राजमाची असो, ताम्हिणी असो की आंबोली. उतार पोपटी, ढग निळसर, धबधबा पांढराफेक. खाली नाव लिहिलेलं नसेल तर जागा ओळखू येत नाही. भर पावसात घाटवाटा तुडवून हे फोटो काढणाऱ्यांच्या कष्टांबद्दल शंका नाही. त्यांची तांत्रिक तयारीही पूर्वीपेक्षा कितीतरी सरस आहे. पण आपल्याकडच्या निसर्गछायाचित्रणाचं आज झालंय असं, की रंग भडकले आणि रंगांची संख्या घटली.

यावरचा वाद ठरलेल्या वाटेने जातो. एक जण म्हणतो, निसर्गात असे रंग नसतातच. दुसरा म्हणतो, मला तर तसंच दिसलं होतं. पहिल्याने सर ओसरल्यावर उन्हात चमकणारा भाताचा तरवा पाहिलेला नसावा. तो हिरवा खरोखरच डोळ्यांत खुपतो. दुसऱ्याचं म्हणणं प्रामाणिक असतं, पण आठवणीवर किती विसंबायचं? गवत, आकाश यांसारख्या ओळखीच्या गोष्टींचे रंग आपण प्रत्यक्षापेक्षा गडद करून लक्षात ठेवतो, हे बार्टलसन या संशोधकाने 1960 मध्येच दाखवलं होतं. शिवाय भर उजेडात रंग जास्त जिवंत भासतात. तोच रंग मोजून-मापून जसाच्या तसा मंद पडद्यावर उतरवला, तर तो मरगळलेला वाटतो. म्हणजे थोडी भर घालावीच लागते. ‘हा फोटो एडिट केलाय का?’ या प्रश्नालाही फारसा अर्थ नाही. कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली रॉ फाइल मुळात फिकटच असते, आणि कॅमेऱ्यातून थेट निघणाऱ्या जेपेगमध्ये किती रंग ओतायचा हे कंपनीच्या इंजिनिअरांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं.

तेव्हा भर घालावी की नाही, हा प्रश्न नाही. ती कुठे थांबवायची, हा आहे.

फिल्मच्या काळात थांबण्याची जागा कारखान्यात ठरायची. 1990 मध्ये फुजीने व्हेल्विया ही स्लाइड फिल्म आणली आणि निसर्गचित्रणाचा तोंडवळाच बदलला. तोवर कोडाक्रोमचा संयम हाच मानदंड होता. व्हेल्वियाचे हिरवे आणि लाल त्यापुढे बेफाम होते. माणसांचे चेहरे तिच्यावर तांबडेलाल यायचे, म्हणून पोर्ट्रेटवाले तिच्या वाटेला जात नसत; डोंगर-जंगलवाल्यांनी मात्र तिला डोक्यावर घेतलं. आयएसओ अवघा 50, त्यामुळे ट्रायपॉडशिवाय गत्यंतर नाही. तिच्यावरही अतिरेकाचा आरोप झाला आणि तो खोटा नव्हता. पण रोल कॅमेऱ्यात भरला की रंगाची मात्रा ठरलेली. स्लाइड बघून ‘अजून थोडा’ म्हणायची सोय नव्हती. आता संगणकावरची रंग वाढवणारी सॅच्युरेशनची पट्टी शंभरपर्यंत जाते आणि तिला आवरणारं कुणी नाही. व्हेल्वियाचं नाव आज फुजीच्या डिजिटल कॅमेऱ्यांत मेन्यूतला एक पर्याय म्हणूनही आहे, आणि तो निवडूनही लोक वर पट्टी सरकवतातच.

भडक रंग म्हणजे वाईट फोटो, असं समीकरण मांडायचं तर एलियट पोर्टर आडवा येतो. हा अमेरिकन मूळचा वैद्यकशास्त्राचा. हार्वर्डमध्ये शिकवणं सोडून कॅमेऱ्याकडे वळला. लेखक थोरोच्या उताऱ्यांसोबतचं त्याचं रंगीत छायाचित्रांचं पुस्तक सिएरा क्लब या निसर्गरक्षण संस्थेने 1962 मध्ये काढलं. रंगीत फोटो म्हणजे जाहिरात असं मानणाऱ्या त्या काळात त्याने निसर्गचित्रणात रंगाला प्रतिष्ठा मिळवून दिली. तो डाय ट्रान्स्फर पद्धतीने प्रिंट करायचा. एका स्लाइडच्या तीन वेगळ्या निगेटिव्ह, त्यांवरून तीन साचे, आणि निळसर, किरमिजी व पिवळा हे रंग कागदावर एकावर एक बसवायचे. काम किचकट आणि खर्चिक, पण प्रत्येक रंगाची मात्रा हातात. पोर्टरनेही रंग वाढवल्याची कुजबुज झाली. तरी त्याच्या चित्रात पानांचा तांबूस रंग पेटलेला असतो तेव्हा शेजारचा दगड करडाच राहतो, आणि सावलीतल्या पाण्यावरची निळाई त्या तांबूसपणात मिसळून जात नाही. त्यात तो बरेचदा आकाश चौकटीबाहेर ठेवून सावलीतल्या मऊ उजेडात काम करायचा. रंग चढवायचा तर तो कुठे चढू द्यायचा नाही, हेही ठरवावं लागतं. त्याने ते ठरवलं होतं.

आता साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावरचा सप्टेंबरातला एखादा फोटो संगणकावर उघडा. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा निळसर जांभळा, मधूनमधून जांभ्याचा ओला काळपट कातळ, वर धुकं. सॅच्युरेशनची पट्टी हळूहळू उजवीकडे न्या. आधी सोनकी जाते. पिवळ्यात लाल आणि हिरवा हे दोन्ही चॅनेल कमाल मर्यादेच्या जवळच असतात. पाकळीची घडी, तिची मुडपलेली कड, हे सगळं निळ्या चॅनेलमधल्या बारीक फरकांवर तगून असतं. तो चॅनेल शून्याला टेकला की फुलाच्या जागी पिवळी टिकली उरते. मग सीतेच्या आसवांतला जांभळा हटून नुसता निळा होतो. कातळ विटेसारखा दिसू लागतो. धुक्यात निळ्याची जी पुसट छटा होती ती वाढते आणि धुकं नीळ घातल्यागत दिसतं. माझ्या लेखी अतिरेकाची खूण हीच: पाकळीची घडी जिथे बुजते, तिथून एक पाऊल मागे.

जाणकार म्हणतील, म्हणून तर आम्ही व्हायब्रन्स वापरतो. ही पट्टी आधीच गडद असलेल्या रंगांना जपते आणि फिक्यांना वर उचलते. सोनकी वाचते, हे खरं. पण सह्याद्रीच्या पावसाळ्यात फिकं काय असतं? धुकं, कातळ, ओली खोडं, दूरची डोंगररांग. या करड्यांच्या संगतीनेच इथला हिरवा हिरवा दिसतो, आणि व्हायब्रन्स नेमका त्यांच्यावरच हात टाकतो. खाचरांचा पोपटी, करवंदीच्या जाळीचा काळपट हिरवा, कड्यावरच्या शेवाळाचा पिवळसर हिरवा आणि सागाच्या पानाचा रुंद, निबर हिरवा यांत सकाळच्या उजेडात केवढं अंतर असतं! पट्टी सरकली की सगळे एकाच गणवेशात.

आपल्याकडच्या जलरंगकारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ट्यूबमधला हिरवा थेट कागदावर लावला की गुरुजी हटकतात. त्यात जरा तपकिरी, जरा लाल मिसळायला सांगतात. कोटितीर्थाची चित्रं काढणाऱ्या कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांचं नाव आपण अभिमानाने घेतो. पण त्या परंपरेचा धाक छायाचित्रणाकडे आला नाही. फोटो क्लबांच्या प्रदर्शनांत मांडणीवर, क्षितिजरेषेवर तासभर बोललं जातं. रंगावर मात्र ‘छान आलेत’ एवढंच.

बाजाराची ओढ तर उलटीच. मोबाइलचे पडदे भडक दिसतील असेच लावलेले असतात. अंगठ्याखालून सरकणाऱ्या फोटोंत मवाळ फोटोवर नजर ठरत नाही. कास 2012 मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आता लोक नोंदणी करून, फोटोत पाहिलेला गालिचा शोधत तिथे येतात आणि ‘एवढंच?’ म्हणतात. ती फुलं टीचभर उंचीची असतात, गुडघे टेकल्याशिवाय दिसतही नाहीत. गंमत म्हणजे भडक रंगांवर साम्राज्य उभारणाऱ्या छायाचित्रकार पीटर लिकने 2014 मध्ये ज्या फोटोसाठी 65 लाख डॉलर मिळाल्याचा दावा केला, तो कृष्णधवल होता.

छपाईत मात्र पट्टीची लबाडी उघडी पडते. पडद्यावरचा लखलखीत हिरवा छपाईच्या चार शाईंत बसतच नाही. दिवाळी अंकाच्या रंगीत पानावर तो शेणकट होऊन उतरतो आणि शिव्या छापखान्याला बसतात. ज्यांचे फोटो कागदावर टिकतात त्यांच्या कामात मला हल्ली एक बदल दिसतो: ते एप्रिल-मेमध्येही डोंगरात जातात. करपलेलं गवत, वणव्याने काळे पडलेले उतार, राखाडी कातळ, धुळकट आकाश. या फोटोंत पट्टी ओढून फक्त भगवा चिखल हाती लागतो, त्यामुळे ती कुणी फारशी ओढत नाही. आणि डोंगर हरिश्चंद्रगड आहे की साल्हेर, हे खाली नाव न वाचताही कळतं.