चित्राखालची ओळ झाकल्यावर

भेडाघाटचे मनात रुतून बसेल असे छायाचित्र आम्हांस अद्याप पाहावयास मिळालेले नाही. जबलपुरात राहून असे लिहिणे म्हणजे नर्मदामाईचा अपराध करणे होय, हे आम्ही जाणतो. पुण्याहून वा नागपुराहून पाहुणे आले की येथील मराठी कुटुंब त्यांना आधी ग्वारीघाटावर व मग भेडाघाटास नेते. पंचवटी घाटावरून नाव सुटते, नावाडी यमकांत गुंफलेली आपली माहिती म्हणू लागतो, बंदरकूदनीपाशी दोन्ही बाजूंचे संगमरवरी कडे जवळ येतात आणि नावेतील सगळे कॅमेरे एकाच दिशेला वळतात. घरी येऊन ती चित्रे पाहावीत तर सारी सुंदर आणि सारी सारखी! पांढरा कडा, त्याचे पाण्यातील प्रतिबिंब, कोपऱ्यात नावेचे नाक. आमचे चित्र कोणते आणि शेजाऱ्यांचे कोणते, हे सांगता येऊ नये.

उतारवयात आम्ही कॅमेऱ्याची शिकवणी लावली आहे. त्यामुळे हा प्रश्न आमच्यापुरता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. भेडाघाटची छत्तीस चित्रे घेऊन आम्ही आमच्या शिक्षकांकडे गेलो. त्यांनी पस्तीस बाजूला सारली व एक ठेवले. ते नेमके चुकून काढले गेलेले निघाले. त्यात कडा नाही. पाठमोरे प्रवासी आहेत, कोणाचे तरी कोपर चित्राचा तिसरा हिस्सा व्यापून बसले आहे, आणि त्यापलीकडे नावाडी वल्ह्याची मूठ सोडून आपल्या तळहाताकडे पाहत आहे. एवढेच. “पुन्हा पाहावेसे वाटते ते हेच,” इतके बोलून शिक्षक चहा सांगावयास आत गेले. आम्हांला राग आला, हे लपविण्यात अर्थ नाही. ज्या पस्तिसांसाठी आम्ही उजेडाचा अदमास घेत उन्हात बसलो होतो, ती सारी बाद आणि हाताचा धक्का लागून निघालेले तेवढे उत्तीर्ण!

मराठी वाचकापाशी अशा प्रश्नाचे एक तयार उत्तर असते, ते मर्ढेकरांचे. आकाशवाणीच्या नोकरीत गावोगाव फिरून 1956 साली दिल्लीस निवर्तलेले मर्ढेकर हे आपल्यासारखेच मुलुखाबाहेर बदलीवर राहिलेले गृहस्थ. म्हणून की काय, त्यांच्याविषयी आम्हांस अंमळ अधिक जवळीक वाटते. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या 1955 सालच्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे त्यांनी मांडली. ती आम्ही आमच्या चित्रांना लावून पाहिली. कडा आणि त्याचे प्रतिबिंब यांत संवाद आहे, पांढरा दगड व काळसर पाणी यांत विरोध आहे, आणि नाव कोपऱ्यात असल्याने समतोलही साधला आहे. म्हणजे पस्तिसांना पैकीच्या पैकी गुण! नावाड्याचे चित्र मात्र या परीक्षेत साफ नापास होते. त्यातील पाण्याची रेषादेखील तिरकी आहे.

यावरून मर्ढेकर चुकले असे म्हणणे अन्यायाचे होईल. चित्रकाराच्या फलकावर जे असते ते त्याने ठेवलेले असते. कॅमेऱ्यात मात्र न बोलावलेले पाहुणेही शिरतात. ते कोपर आम्ही रंगविले असते तर कोणीही त्यास दोष म्हटले असते. ते तेथे होते, एवढीच त्याची सबब आहे, आणि छायाचित्रात ही सबब चालते. रोलाँ बार्त या फ्रेंच समीक्षकाने 1980 साली छायाचित्रावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्याने चित्रातील सर्वांना कळणारा, सुसंस्कृत कुतूहलाने पाहावयाचा भाग एकीकडे ठेवला आणि पाहणाऱ्याला अवचित टोचणारा बारीकसा तपशील दुसरीकडे. भेद मोलाचा आहे, परंतु त्याने ती टोचणी इतकी खाजगी करून टाकली की समीक्षकाला बोलावयास फारसे उरत नाही. ज्या चित्राने त्याला सर्वांत खोल जखम केली ते त्याच्या आईचे बालपणीचे छायाचित्र त्याने पुस्तकात छापलेच नाही; इतरांस त्यात काही दिसणार नाही, असे त्याचे म्हणणे. आम्हांस वाटते, इतरांसही पुष्कळ दिसले असते.

आपल्या प्रत्येकाच्या घरी निरोपसमारंभाचे फोटो आहेत. खुर्च्यांवर वरिष्ठ, मागे कनिष्ठ, मध्यभागी हार घातलेले आपण. असा एक जुना फोटो परवा आम्ही काढून पाहिला. साहेबांचे चेहरे ओळखावयास खालची नावे वाचावी लागली. पण उजव्या कडेला चहाचे तबक घेऊन अर्धाच चौकटीत आलेला शिपाई आम्ही तत्काळ ओळखला. आपण फोटोत आहो की नाही, हे त्यालाच ठाऊक नसावे. ही टोचणी आमची एकट्याची खासच नव्हे. ज्यांनी त्याला कधी पाहिलेले नाही, अशा आमच्या सुनेचेही बोट तेथेच गेले.

शिक्षकांनी यावर एक अभ्यास दिला: चित्राखालची ओळ झाकून पाहावयाचे. भेडाघाटच्या वाटेवर तेवर लागते, तीच प्राचीन त्रिपुरी. मार्च 1939 मध्ये काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन येथे भरले. पट्टाभी सीतारामय्यांचा 1580 विरुद्ध 1377 मतांनी पराभव करून सुभाषबाबू अध्यक्ष झाले होते, पण ज्वराने अंथरुणास खिळलेले. बावन्न हत्तींच्या मिरवणुकीत रथावर अध्यक्षांऐवजी त्यांची तसबीर बसवावी लागली. एवढे हत्ती आणि एक तसबीर! मात्र त्या अधिवेशनाचे जे छायाचित्र डोळ्यांपुढून हलत नाही ते स्ट्रेचरवर पडलेल्या सुभाषबाबूंचे. ओळ झाकली तर एक आजारी मनुष्य आणि भोवती माणसे, इतकेच उरते. पुढच्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला, हे आपले ज्ञान ते चित्र भारून टाकते. येथे बराचसा प्रभाव ओळीचा आहे, असे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो.

मुंबईचे नारायण विनायक विरकर 1919 साली अमृतसरला गेले. जालियनवाला बागेतील, गोळ्यांनी विंधलेल्या भिंतीची त्यांनी चित्रे घेतली. यांतही ओळ झाकल्यास भोके पडलेली विटांची भिंत दिसते. परंतु ओळ उघडताच येथे निराळे काही घडते: भोके जमिनीपासून किती उंच आहेत, हे डोळा मोजू लागतो. सुभाषबाबूंच्या चित्रात आपण इतिहास आठवतो. विरकरांच्या चित्रात आपल्याला पुरावा तपासावा लागतो. आम्हांस दुसरे अधिक थोर वाटते.

आणि भोपाळ. डिसेंबर 1984 मध्ये विषारी वायूने मेलेल्या एका बालकाचे दफन होत असता रघू राय यांनी कृष्णधवल आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत छायाचित्र घेतले. बार्थोलोम्यूंच्या चित्रास त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च सन्मान मिळाला. राय यांचे चित्र भोपाळचे प्रतीक होऊन बसले. मध्य प्रदेशात नोकरी केलेल्या कोणालाही ही चित्रे शांतपणे पाहता येणार नाहीत. ओळ झाका वा उघडा, काही बदलत नाही. त्या बालकाची ओळख कधी पटलीच नाही, तेव्हा झाकावयास नावच नाही. राय यांच्या चित्रातून दिवस आणि गाव निघून जातात. चेहरा, माती आणि एक हात राहतो. आजवर आम्ही तेच श्रेष्ठ मानीत होतो. अलीकडे मात्र रंगीत चित्राकडे अधिक वेळ पाहतो. कृष्णधवल चित्रातील मूल हळूहळू साऱ्या मुलांचे होते. रंगीत चित्रातले ते एकच राहते, ठरावीक सकाळच्या उजेडात, ठरावीक मातीत. तेथे आपण असतो तर कळ दाबली असती काय, असे शिक्षकांनी आम्हांस विचारले. आम्ही नाही म्हणालो. मग ही चित्रे नसती तर बरे झाले असते काय, असे त्यांनी विचारले. त्यालाही आम्ही नाहीच म्हणालो. ही दोन्ही उत्तरे एकत्र कशी नांदतात, ते आम्हांला सांगता आले नाही.

गेल्या महिन्यात नावाड्याच्या चित्राची प्रत घेऊन आम्ही पंचवटी घाटावर गेलो. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. “साहब, इसमें पहाड़ तो आया ही नहीं,” तो म्हणाला. आम्ही त्यास कड्यापुढे उभे करून दुसरे चित्र काढले: अंगरखा नीट केलेला, हात जोडलेले, नजर सरळ. त्याची प्रत पोचवली तेव्हा त्याने ती लगेच रुमालात गुंडाळून घरी नेली. पहिली आमच्या टेबलावर आहे.