हेसचा फिलिप : धर्मसुधारणा आणि राजाश्रय

जर्मन धर्मसुधारणेच्या इतिहासात हेसचा अधिपती लँडग्रेव्ह फिलिप (१५०४-१५६७) यास ‘उदारधी’ हे बिरुद लाभले आहे. त्याच्या कारभाराच्या एका अंगास ते शोभतेही. परंतु तेवढ्यावरून त्याच्या राजवटीचे मूल्यमापन करू गेल्यास मूळ प्रश्न बाजूस पडतो. तो असा : पोपच्या सत्तेतून सुटलेला धर्मसंघ राजाच्या आश्रयास गेल्यावर खरोखर स्वतंत्र झाला काय?

पिता १५०९ मध्ये निवर्तल्यामुळे फिलिप बालपणीच गादीचा वारस ठरला आणि १५१८ मध्ये त्यास सज्ञान ठरविण्यात आले. १५२४ मध्ये त्याने ल्यूथरचे मत स्वीकारले. पुढच्याच वर्षी शेतकऱ्यांचा उठाव मोडून काढण्यात तो अग्रभागी होता. धर्मसुधारणा आणि राज्याची शिस्त ही दोन्ही सूत्रे अशा रीतीने प्रारंभापासून एकाच हाती आली.

या दृष्टीने १५२६ ची होमबर्ग येथील धर्मसभा फार महत्त्वाची आहे. तेथून निघालेल्या, मुख्यतः फ्रान्सिस लँबर्टच्या प्रेरणेने तयार झालेल्या योजनेत प्रत्येक उपासक-समुदायास आपला धर्मोपदेशक निवडण्याचा व सभासदांस शिस्त लावण्याचा अधिकार होता. ल्यूथरने ही घाई न करण्याचा सल्ला दिला आणि योजना बारगळली. रिकाम्या झालेल्या जागी राजसत्ता आली.

या सत्तेने केलेले विधायक कार्य नाकारता येणार नाही. मठांची मालमत्ता ताब्यात घेऊन फिलिपने १५२७ मध्ये मारबुर्ग येथे विद्यापीठ स्थापन केले; १५३३ मध्ये हायना व मेर्क्सहाउझेन येथील मठांचे रूपांतर ग्रामीण दरिद्री रुग्णांच्या रुग्णालयांत केले. पुनर्बाप्तिस्मावाद्यांस केवळ मतासाठी देहान्त शासन देण्यास त्याने नकार दिला. १५२९ मध्ये ल्यूथर व झ्विंगली यांना त्याने मारबुर्ग येथे समोरासमोर आणले. पंधरांपैकी चौदा कलमांवर त्यांचे एकमत झाले; प्रभुभोजनाच्या प्रश्नावर मात्र तडजोड होऊ शकली नाही. १५३१ चा श्माल्कल्डेन संघही बव्हंशी त्याच्याच उद्योगाचे फळ होते.

या आश्रयाची किंमत १५४० मध्ये उघड झाली. पत्नी क्रिस्टीना हयात असताना त्याने मार्गारेथ फॉन डेर साले हिच्याशी दुसरा विवाह केला. साम्राज्याच्या १५३२ च्या दंडसंहितेनुसार हा देहान्त शासनास पात्र असा गुन्हा होता. तरीही ल्यूथर, मेलँक्थॉन व बुत्सर यांनी, ही गोष्ट गुप्त राहावी या अटीवर, डिसेंबर १५३९ मध्येच संमतिपत्र दिले होते. हा केवळ व्यक्तिगत दौर्बल्याचा प्रसंग मानणे पुरेसे नाही. आपणांस अनुकूल मत न मिळाल्यास आपण बादशहाकडे वळू, असे फिलिपने सूचित केले होते. आणि त्याच्यावाचून संघाचे बळ टिकणारे नव्हते. आश्रयदात्याचा दोष आश्रितांस झाकावा लागला.

परिणामही दूरगामी झाले. बादशहा चार्ल्सची क्षमा मिळविण्यासाठी फिलिपने १५४१ मध्ये फ्रान्सशी व क्लेव्हच्या ड्यूकशी संघाचे संधान होऊ न देण्याचे वचन दिले. संघ ऐन वेळी एकाकी पडला. १५४७ मध्ये म्यूलबर्गच्या पराभवानंतर फिलिपने शरणागती पत्करली. १५५२ पर्यंत तो कैदेत होता. ज्या १५५५ च्या ऑग्सबर्ग तहाने ल्यूथरपंथास मान्यता मिळाली, त्या तहानेही प्रजेचा धर्म ठरविण्याचा अधिकार अधिपतीच्याच हाती ठेवला.

मृत्यूनंतर त्याचे राज्य चार पुत्रांत विभागले गेले. विद्यापीठ मात्र आजही त्याच्या नावाने चालू आहे. तात्पर्य, फिलिपची उदारता खरी होती. परंतु ती राजाची देणगी होती, समुदायाचा हक्क नव्हे. होमबर्गच्या योजनेत त्या हक्काचे बीज होते, आणि ते रुजू शकले नाही, हेच त्याच्या राजवटीचे सर्वांत मोठे वैगुण्य होय.